एका कुरकुऱ्या सिनेटरची वही

आमच्या सोसायटीचा मी दोन वर्षे सेक्रेटरी होतो. त्या दोन वर्षांत मी जे लिहिले ते लाल कापडी पाठीच्या एका जाड वहीत आहे. त्यात खोटे काही नाही आणि खरेही फारसे काही नाही. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.' 'टाकीच्या दुरुस्तीबाबत साधकबाधक चर्चा होऊन विषय सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' त्या साधकबाधक चर्चेत एका गृहस्थांनी दुसऱ्यांच्या अंगावर दरपत्रके भिरकावली होती, आणि तिसरे चपला शोधता शोधता 'या बिल्डिंगीत माणसं राहतात का?' असे विचारून निघून गेले होते. ते मी लिहिले नाही. इतिवृत्तात असले काही लिहायचे नसते.

सभा झाली की मला झोप लागत नसे. मग काहीबाही वाचत बसायचो. अशाच एका रात्री मला विल्यम मॅक्ले भेटला, आणि तेव्हापासून तो माझ्याकडे मुक्कामालाच आहे.

मॅक्ले अमेरिकेच्या अगदी पहिल्या सिनेटमधला पेनसिल्व्हेनियाचा सदस्य. ही सिनेट १७८९ साली न्यूयॉर्कला भरली. वॉशिंग्टन नावाचे शहर तेव्हा नव्हते, नुसता माणूस होता. वॉल स्ट्रीटवरची जुनी नगरसभेची इमारत डागडुजी करून, सजवून या कामी दिली होती आणि तिला फेडरल हॉल म्हणू लागले होते. खालच्या मजल्यावर प्रतिनिधिगृह बसे. तिथे लोकांना गॅलरीत बसून भाषणे ऐकता येत. वर सिनेट, आणि तिचे दार बंद. पत्रकार नाही, प्रेक्षक नाही. खालच्या सभागृहाचे सदस्यही वर जाऊन ऐकू शकत नव्हते. सिनेटने अधिकृत कामकाज छापले, पण ते आमच्या लाल वहीच्या जातीचे. अमुक ठराव मांडला, तमुक नामंजूर झाला. कोण काय बोलले, कुणाचा आवाज चढला, कोण हसले, याचा पत्ता नाही.

मॅक्ले मात्र रोज संध्याकाळी खोलीवर जाऊन लिहीत असे. २४ एप्रिल १७८९ ला वही सुरू झाली आणि त्याची मुदत संपली त्या दिवशी, ३ मार्च १७९१ ला, थांबली. मुदत दोनच वर्षांची होती. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सिनेटर बदलावेत म्हणून पहिल्या सदस्यांनी चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा मॅक्लेच्या वाट्याला सर्वांत आखूड मुदत आली. त्याचा जोडीदार, म्हणजे पेनसिल्व्हेनियाचा दुसरा सिनेटर, रॉबर्ट मॉरिस, फिलाडेल्फियाचा बडा सावकार-व्यापारी. त्याला सहा वर्षे मिळाली. मॅक्लेच्या नशिबाचा एकंदर नमुना हा असा.

माणूस मुळात भूमापक. जन्म १७३७ चा, पेनसिल्व्हेनियातला, स्कॉटिश-आयरिश प्रेस्बिटेरियन घरातला. विशीत फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत लेफ्टनंट होता, मग वकिलीची सनद घेतली, पण पोट भरले ते जमिनी मोजून. पेन घराण्याच्या जमिनींची मोजणी त्याच्याकडे होती, आणि १७७२ साली सस्क्वेहाना नदीच्या काठी सनबरी हे गाव आखण्यात त्याचा हात होता. बायको मेरी ही जॉन हॅरिसची मुलगी. ज्या घराण्याच्या नावाने हॅरिसबर्ग झाले तेच हे हॅरिस. उंच, ताठ, साखळीने मोजण्याची सवय असलेला आणि सगळ्यांचे माप काढणारा असा हा गडी पन्नाशी उलटल्यावर न्यूयॉर्कला आला. सोबत दुखरा गुडघा होता. हा गुडघा वहीत घटनेच्या कलमांइतक्या वेळा येतो.

वेळेवर येण्याची त्याला खोड होती. ४ मार्च १७८९ ला, ठरल्या दिवशी, बावीसपैकी आठच सिनेटर हजर होते. गणसंख्येला बारा लागत. आठांत मॅक्ले होता. मग बाकीच्यांची वाट पाहण्यात महिना गेला आणि ६ एप्रिलला एकदाची गणपूर्ती झाली. सभेला वेळेवर जाणाऱ्या माणसाचा स्वभाव कसा होत जातो हे मला वेगळे सांगायला नको. रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत बसण्यातच निम्मी कटुता मुरते.

वहीतला सर्वांत मोठा बळी जॉन ॲडम्स. उपराष्ट्राध्यक्ष म्हणून सिनेटच्या अध्यक्षपदी तो बसत असे. गंमत म्हणजे त्याला त्या खुर्चीवर बसवण्यासाठी ज्यांनी पत्रे लिहिली, वजन खर्च केले, त्यांत मॅक्ले स्वतः होता. त्याने आणि डॉक्टर बेंजामिन रश यांनी हिशेब केला होता की ॲडम्सला मानाची हाव आहे, ती भागवली तर न्यू इंग्लंडची, म्हणजे त्याच्या ईशान्येकडच्या राज्यांची, मते वळतील आणि राजधानी पेनसिल्व्हेनियात येईल. ही कबुली त्याने स्वतःच वहीत देऊन ठेवली आहे. ज्याला आपण अहंकारी समजून पुढे केले तो खरोखरच अहंकारी निघाला, याबद्दल मॅक्ले दोन वर्षे चिडलेला आहे.

वही सुरू होऊन दुसराच दिवस. वॉशिंग्टनचा शपथविधी तोंडावर आलेला. ॲडम्स उठून सभागृहाला म्हणाला की मी मोठ्या अडचणीत आहे. मी उपराष्ट्राध्यक्ष आहे. त्या नात्याने आज मी काहीच नाही, पण उद्या सर्वकाही होऊ शकतो. शिवाय मी सिनेटचा अध्यक्षही आहे. राष्ट्राध्यक्ष सभागृहात आले की मी कोण? एवढे बोलून तो खुर्चीत मागे रेलला. गंभीर शांतता पसरली. कनेक्टिकटचा ऑलिव्हर एल्सवर्थ घटनेची प्रत उघडून पाने उलटत राहिला आणि अखेर उठून म्हणाला की सिनेट जिथे असेल तिथे तिच्या शिरोभागी आपण असाल हे तर स्पष्ट आहे. पण त्यापुढे, आणि इथे समोर दरी उघडल्यासारखा त्याचा चेहरा झाला, त्यापुढे काही सांगण्याचे धाडस मी करत नाही.

मॅक्ले लिहितो की देव मला क्षमा करो, पण माझ्या तोंडाचे पापी स्नायू हसण्याच्या बेतात होते.

मी हे वाचले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी मोठ्याने हसलो. बायको उठली. तिला काय सांगणार?

३० एप्रिलचा शपथविधी आपण चित्रांतून पाहिलेला असतो. सज्जा, गर्दी, पुतळ्यासारखा उभा वॉशिंग्टन. मॅक्लेच्या वहीत वॉशिंग्टन थरथरतो आहे. गडद तपकिरी पोशाख, गरुडाची छाप असलेली धातूची बटणे, पांढरे मोजे, कमरेला तलवार. आणि हातातला भाषणाचा कागद हलतो आहे. कित्येकदा त्याला वाचणे जड गेले. मध्येच त्याने उजव्या हाताने एक आविर्भाव केला, तो बेंगरूळ दिसला. तोफा-बंदुकांपुढे हा माणूस इतका कधी बावरला नसेल, असे मॅक्लेला वाटले. यात कुचेष्टा नाही. त्याच्या मनात त्या माणसाबद्दल आदर होता आणि तो सर्व बाबतींत पहिला असावा असे त्याला वाटत होते, म्हणूनच त्याने नुसते वाचून दाखवावे याची त्याला हळहळ वाटली.

दुसऱ्या दिवशी इतिवृत्त वाचले गेले. माझे कान टवकारले ते इथे. राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाचा उल्लेख त्यात 'परमकृपाळू भाषण' अशा शब्दांत होता. मॅक्ले ताडकन उठला. हे शब्द इंग्लंडच्या राजाच्या भाषणामागे लावायचे. आपण नुकतीच लढाई लढलो ती कशासाठी? ॲडम्सला नवल वाटले. इंग्रजांच्या राज्यातून चांगली रीत उचलली तर कुणाचे काय बिघडले, असे त्याचे म्हणणे. वाद झाला आणि ते शब्द खोडले गेले. दोन वर्षांत मॅक्लेला मिळालेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या विजयांतला हा एक. दोन शब्द खोडले. ज्याने कधी इतिवृत्त लिहिले आहे त्याला हा विजय लहान वाटणार नाही.

मग मायन्याचे प्रकरण. राष्ट्राध्यक्षाला म्हणायचे काय? ज्यांच्या पूर्वजांनी 'राजमान्य राजश्री'पासून 'अखंडितलक्ष्मीअलंकृत'पर्यंत मायने लिहिले त्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा असतो हे कळेल. सिनेटच्या समितीने सुचवले 'हिज हायनेस, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या स्वातंत्र्याचे रक्षक'. ॲडम्स तर पेटलाच होता. अध्यक्ष काय, आग विझवणाऱ्या मंडळींचे असतात, क्रिकेट क्लबचेही असतात! नुसते 'जॉर्ज वॉशिंग्टन, राष्ट्राध्यक्ष' म्हटले तर परदेशातले खलाशी आणि शिपाई त्याला कायमचे तुच्छ लेखतील. (१७८९ साली अमेरिकेत क्रिकेट क्लबच्या अध्यक्षाला फारशी किंमत नव्हती, याची आपल्याकडील संबंधितांनी नोंद घ्यावी.) मॅक्लेने घटना हातात घेऊन त्यातले सरदारकीचे किताब देण्यास मनाई करणारे कलम वाचून दाखवले. पुन्हा वाचले. दिवसेंदिवस तो तेच करत राहिला. खालचे सभागृह साध्या नावावर अडून बसले आणि १४ मे रोजी सिनेटला नमते घ्यावे लागले. आजही तिथल्या राष्ट्राध्यक्षाला 'मिस्टर प्रेसिडेंट' म्हणतात. या सगळ्या खटाटोपात ॲडम्सच्या ठेंगण्या, गोल देहयष्टीवरून त्यालाच 'हिज रोटंडिटी' असा किताब चिकटला. मराठीत 'वाटोळेश्वर' म्हणता येईल.

आता २२ ऑगस्ट १७८९, शनिवार. माझ्या मते या वहीतले सगळ्यात मोलाचे पान.

घटनेत लिहिले आहे की राष्ट्राध्यक्षाने तह करावेत ते सिनेटच्या सल्ल्याने आणि संमतीने. सल्ला घ्यायचा म्हणजे कसा घ्यायचा, हे कुणालाच ठाऊक नव्हते. वॉशिंग्टन सरळ मनाचा लष्करी गृहस्थ. तो उठून सिनेटमध्ये आला. बरोबर युद्धमंत्री हेन्री नॉक्स. दक्षिणेकडच्या आदिवासी जमातींशी, मुख्यतः क्रीक लोकांशी, तहाची बोलणी करायची होती. वॉशिंग्टनने नॉक्सकडून कागद घेऊन ॲडम्सकडे दिला, ॲडम्स घाईघाईने वाचू लागला. ऑगस्टचा उकाडा, खिडक्या उघड्या, आणि खाली रस्त्यावरून घोडागाड्या खडखडत चाललेल्या. 'इंडियन' लोकांबद्दल काहीतरी आहे एवढेच मॅक्लेला समजले; एक वाक्य धड ऐकू आले नाही. दारवानाला खुणा करून खिडक्या लावून घेतल्या. तोवर वाचन संपत आले होते. मॉरिस उठून म्हणाला की गाड्यांच्या आवाजात मला काहीच ऐकू आले नाही, कागद पुन्हा वाचावा. पुन्हा वाचला. मग ॲडम्सने पहिला मुद्दा मताला टाकला. संमती आहे?

कुणी हूं की चूं करेना.

सर्वांच्या देखत वॉशिंग्टनसमोर तोंड कोण उघडणार? ही शांतता मला परिचयाची आहे. प्रश्न विचारणारा माणूस मोठा असला की सभेत सगळ्यांना आपापल्या बुटांत रस निर्माण होतो. मॅक्ले लिहितो की आता 'हो-नाही' मोजायला सुरुवात होईल आणि आपण माहितीशिवाय मत देऊन बसू, हे दिसले म्हणून मी उठलो. संबंधित तह आणि कागदपत्रे वाचून दाखवावीत असे त्याने सुचवले. वॉशिंग्टनच्या चेहऱ्यावर कठोर नाराजी उतरली. थोड्या वेळाने मॉरिसने प्रस्ताव मांडला की विषय समितीकडे सोपवावा. त्यावर वॉशिंग्टन रागाने उसळून उभा राहिला: मी इथे येण्याचा हेतूच यामुळे फसतो! मग थोडा शांत झाला. सोमवारपर्यंत काम तहकूब झाले. सोमवारी तो पुन्हा आला, उरलेले मुद्दे निस्तरले, आणि अशा प्रकारे सल्ला मागायला पुन्हा कधी त्या सभागृहात फिरकला नाही. अमेरिकेत 'सल्ला आणि संमती' यांतला पहिला शब्द जो मागे पडला, तो त्या दोन दिवसांत.

मॅक्लेने घरी येऊन काय लिहिले? की राष्ट्राध्यक्षाला सिनेटच्या मानेवर पाय द्यायचा आहे. हे अन्यायाचे आहे. वॉशिंग्टन बिचारा घटनेत लिहिले ते अक्षरशः करायला आला होता. पण त्याच पानावर मॅक्लेने दुसरे जे लिहिले त्याला तोड नाही. राष्ट्राध्यक्ष समोर बसलेले, त्यांच्या मताला पुष्टी द्यायला आणि भित्र्यांना दबकवायला शेजारी युद्धमंत्री, अशा स्थितीत कुठलीही मोकळी चौकशी शक्य नव्हती. एकाच संध्याकाळी त्या माणसाने एक गोष्ट पूर्ण चुकीची आणि एक पूर्ण बरोबर लिहिली, आणि दोन्ही सारख्याच रागाने. हे बघून मला त्याच्याबद्दल प्रेम वाटू लागले.

पाचच दिवसांनी, २७ ऑगस्टला, त्याच वॉशिंग्टनच्या घरी त्याला जेवणाचे आमंत्रण होते. मानेवर पाय वगैरे सगळे विसरून मॅक्लेने जेवणाची यादीच केली आहे. सूप, भाजलेला मासा, उकडलेला मासा, मांस, कोंबड्या. मग ॲपल पाय, पुडिंग, आइस्क्रीम, जेली. मग कलिंगड, खरबूज, सफरचंदे, पीच, सुका मेवा. खोली गरम. आयुष्यात इतके सुतकी जेवण मी केले नाही, असे तो म्हणतो. टेबलावरचे कापड काढेपर्यंत कुणी शब्द बोलेना. मग वॉशिंग्टनने ग्लास भरून पंक्तीतल्या प्रत्येकाचे नाव घेऊन त्याच्या आरोग्यासाठी पेय घेतले, आणि तेच सगळ्यांनी केले. वॉशिंग्टनने हातात एक काटा ठेवला होता. मॅक्लेला वाटले, सुका मेवा टिपायला असेल. पण त्याने मेवा खाल्ला नाही. तो नुसता त्या काट्याने टेबलाच्या कडेवर टकटक करत बसला होता.

वॉशिंग्टनवर खंडच्या खंड लिहिले गेले. ही टकटक मला फक्त इथे ऐकू आली.

पुढच्या वर्षी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनचे दिवस आले, आणि वहीचा सूर कडवट झाला. युद्धात शिपायांना पगाराऐवजी कर्जाचे कागद मिळाले होते. गरजेपोटी त्यांनी ते मातीमोल भावाने विकले. आता अर्थमंत्री म्हणत होता की कागद ज्याच्या हातात आहे त्याला पुरती रक्कम द्यायची, आणि राज्यांची कर्जेही केंद्राने अंगावर घ्यायची. बातमी आधी लागलेले लोक दूरदूरच्या राज्यांत पैसे घेऊन स्वार धाडत होते, तिथल्या बेखबर माणसांकडून कागद उचलायला. मॅक्ले हे पाहत होता आणि सभागृहातले कोणकोण त्यात आहेत याची नोंद करत होता. अर्थशास्त्र हॅमिल्टनला अधिक कळत होते यात मला शंका नाही. देशाची पत त्याने उभी केली हे खरेच. पण ज्या शिपायाने कागद विकला तो मॅक्लेशिवाय त्या खोलीत कुणाला आठवत होता की नाही, याची मात्र शंका आहे.

राजधानीच्या वादातही तो हरला. त्याला ती सस्क्वेहानाच्या काठी हवी होती. जुलै १७९० मध्ये कायदा झाला: दहा वर्षे फिलाडेल्फिया, मग कायमची पोटोमॅकच्या काठी. सस्क्वेहानाचा आग्रह निव्वळ देशहिताचा नव्हता हेही सांगायला हवे. तिथे त्याच्या जमिनी होत्या, सासुरवाडी होती. दुसऱ्याच्या स्वार्थाचा वास शंभर पावलांवरून येणाऱ्या या माणसाला आपल्या अंगणातला वास येत नसे. आणखीही एक गोष्ट आहे, आणि ती हसण्यावारी नेता येत नाही. १७७९ मध्ये, सरहद्दीवर लढाई पेटलेली असताना, हल्ला करणाऱ्या आदिवासी टोळ्यांचा घोडेस्वार आणि कुत्रे लावून माग काढावा, अशी शिफारस त्याने राज्याकडे केली होती. या कल्पनेपायी आपली टिंगल झाली असेही लिहिले होते. दहा वर्षांनी दक्षिणेकडच्या जमातींविषयीचे कागद नीट वाचून मगच मत द्यावे म्हणून वॉशिंग्टनपुढे उभा राहिला तोही हाच. दोन्ही मॅक्ले खरे आहेत. मला ते एकत्र बसवता आलेले नाहीत.

थॉमस जेफरसनला त्याने मे १७९० मध्ये एका समितीपुढे पाहिले: सडपातळ, अंगाला लहान पडणारे कपडे, एका कुल्ल्यावर भार देऊन रेललेला, एक खांदा दुसऱ्यापेक्षा बराच वर, आणि बोलणे सैलसर, भरकटणारे, पण मध्येमध्ये चमकणारे. पाच मिनिटांत घडी मोडलेला जेफरसन आपल्यासमोर बसतो. भूमापकाची नजर, दुसरे काय.

डिसेंबर १७९० मध्ये काँग्रेस, म्हणजे ही दोन्ही सभागृहे, फिलाडेल्फियाला हलली, म्हणजे मॅक्लेच्या राज्यात आली, पण तोवर तो एकटा पडला होता. पुन्हा निवड होणार नाही हे दिसत होते. दारूवरच्या करालाही त्याने विरोध केला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी धान्यापासून व्हिस्की गाळत, कारण डोंगर ओलांडून धान्य नेण्यापेक्षा पिंप नेणे स्वस्त. तिथे कर वसूल करायला गेलात तर रक्त सांडेल, असे त्याने लिहून ठेवले. कायदा झालाच. १७९४ मध्ये त्याच भागात बंड पेटले आणि वॉशिंग्टनला फौज काढावी लागली. तेव्हा मॅक्ले घरी होता.

३ मार्च १७९१ ला शेवटची नोंद. सभागृहातून निघताना मागे वळून एकदा पाहिले, म्हणतो. जिथे जीव कधी रमला नाही ती जागा सोडताना वाटते तसे समाधान वाटले. पुढचे वाक्य समजायला फिलाडेल्फियाचे एक दृश्य ठाऊक हवे. १७८६ च्या कायद्याने तिथे काही वर्षे कैद्यांना भर रस्त्यात कामाला जुंपत. वेगळे कपडे घातलेले, लोखंडाने जखडलेले हे लोक एकचाकी ढकलगाड्या ढकलत रस्ते साफ करताना दिसत. मॅक्ले लिहितो की दोन वर्षे ढकलगाडी ढकलणाऱ्या कित्येक गुन्हेगारांना, मला या सन्मानाच्या जागेवर झाला त्याच्या निम्माही त्रास आणि मानभंग झाला नसेल.

मी सेक्रेटरीपद सोडले त्या रात्री हे वाक्य पुन्हा काढून वाचले. माझ्या दोन वर्षांची त्याच्याशी तुलना होऊ शकत नाही हे मला कळते. तरी वाचले.

त्याची खुर्ची मग दोन वर्षांवर रिकामीच राहिली, कारण पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे नव्या माणसावर एकमत होईना. अखेर आल्बर्ट गॅलाटिन हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला तरुण निवडून आला, तर त्याच्या नागरिकत्वाला नऊ वर्षे पुरी झाली नाहीत अशी तक्रार झाली. ती सुनावणी बंद खोलीत घेणे सिनेटलाच बरे दिसेना. फेब्रुवारी १७९४ मध्ये त्या सुनावणीपुरती दारे लोकांसाठी उघडली गेली, आणि १७९५ च्या अखेरीस गॅलरी कायमची खुली झाली. गॅलाटिनची निवड रद्द ठरली. दारे ज्या खुर्चीपायी उघडली ती मॅक्लेची.

तो स्वतः राज्याच्या विधिमंडळात बसला, काही काळ न्यायाधीश झाला. १८०३ साली सिनेटची तीच खुर्ची त्याच्या धाकट्या भावाकडे, सॅम्युएलकडे आली. पुढच्या वर्षी १६ एप्रिलला विल्यम हॅरिसबर्गला वारला. वह्या घरातच राहिल्या. १८८० मध्ये काही भाग गाळून त्या छापल्या गेल्या आणि १८९० मध्ये त्यांची नवी आवृत्ती निघाली, तोवर त्यातला प्रत्येक माणूस पुतळा किंवा तसबीर होऊन बसला होता.

सिनेटच्या अधिकृत कामकाजात २२ ऑगस्ट १७८९ ची नोंद आहे. राष्ट्राध्यक्ष आले, युद्धमंत्री सोबत होते, अमुक प्रश्न मांडले, तमुक पुढे ढकलले. बाहेरून गाड्या जात होत्या, हे त्यात नाही.